चिंचवडहून गेलेली बुलेट चिंचवडला परत का येऊ नये?

प्रति,
मा. मंत्री, केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय
मा. महासंचालक, विदेश व्यापार महासंचालनालय
मा. अध्यक्ष, केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ

सविनय नमस्कार.

तीन कार्यालयांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण माझा प्रश्न तुम्हा तिघांच्या मधल्या फटीत पडला आहे. शुल्काचं विचारलं की उत्तर मिळतं, आधी आयात धोरणात बसते का ते बघा. धोरणाचं विचारलं की नोंदणीचं काय ते परिवहनवाले सांगतील. परिवहनवाले म्हणतात, गाडी बंदरातून सुटू तर दे. खासगीत विचारून जे हाती लागलं नाही ते आता जाहीर विचारते. माझ्यासारखे परतणारे बरेच आहेत, त्यांनाही उत्तर कळू दे.

प्रश्न असा आहे. भारतात तयार झालेली, भारतात माझ्याच नावावर नोंदलेली, सगळे कर भरलेली मोटारसायकल मी २०१६ साली नोकरीसाठी इंग्लंडला जाताना सोबत नेली. आता मी कायमची परत येते आहे. ती मोटारसायकल मला परत आणता येत नाही. ती चोरीची नाही, तिच्यावर कर्ज नाही, अपघातात मोडलेली नाही. तिचं वय तीन वर्षांहून जास्त आहे, एवढीच अडचण.

गाडी म्हणजे २००५ ची बुलेट ३५०, स्टँडर्ड. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची, उजव्या पायात गियर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. मी चिंचवडची, नोकरी वाहनांच्या सुट्या भागांच्या तपासणीची. पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून ती घेतली. एमएच-१४ ची पाटी, एकरकमी रस्ता कर, आरसी बुकात माझं नाव. बाई बुलेट घेते याचं शोरूममध्ये लोकांना जेवढं नवल वाटलं तेवढं पुढे कुणालाच वाटलं नाही, कारण मी ती रोज चालवत होते. भोसरी, चाकण, तळेगाव. शौकाची गाडी म्हणून कपड्याखाली झाकून ठेवलेली नव्हती.

ती नेतानाच पहिला धडा मिळाला. शहरातल्या एका आरटीओ कार्यालयात ना-हरकत दाखल्यासाठी फॉर्म २८ भरायला घेतला. त्यात गाडी कोणत्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीत आणि कोणत्या राज्यात जाणार ते लिहायचं असतं. मी लिहिलं, ‘युनायटेड किंगडम’. खिडकीतले साहेब म्हणाले, “मॅडम, हे राज्य नाही.” मी म्हटलं, “मलाही माहीत आहे.” मग गाडी कुणाच्या नावावर, मिस्टर कुठे आहेत, हे दोन प्रश्न झाले. मिस्टर मागच्या बाकावर बसून माझी पर्स सांभाळत होते. शेवटी दाखला मिळाला, पण तो कसा मिळाला हे मी इथे लिहिणार नाही. कारण त्या साहेबांनी मला मदतच केली. फॉर्मात जी जागाच नाही, ती त्यांनी हातानं करून दिली. नियमात सोय नसली की काम माणसाच्या मर्जीवर जातं. त्या दिवशी मर्जी चांगली होती.

पुढचं काम मात्र सोपं होतं, कारण ते हिशेबाचं होतं. बोटीचं भाडं खोक्याच्या घनफळावर लागतं. म्हणून भोसरीतल्या पॅकिंगवाल्यानं पुढचं चाक, हँडल, आरसे काढून गाडी एवढी आखूड केली की मला तिची कीव आली. टाकीतलं पेट्रोल काढलं, बॅटरीच्या वायरी सोडवून टोकांना चिकटपट्टी लावली. लाकूड भट्टीत तापवलेलं हवं, त्याशिवाय परदेशी बंदरात कीड आली म्हणून अडवतात. त्या फळ्यांवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. चारही बाजूंनी तो दिसतोय ना, हे पॅकिंगवाल्यानं मला फिरून फिरून दाखवलं. न्हावाशेवाहून इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये ती गेली.

तिकडे काय झालं ते थोडं तपशिलात सांगते. तिकडच्या सरकारचं कौतुक करायचं म्हणून नाही. जुनी गाडी घेऊन देशात राहायला आलेल्या माणसाचं काय करायचं, हे आधी ठरवून ठेवता येतं, एवढंच दाखवायचं आहे.

ब्रिटनमध्ये राहायला येणाऱ्या माणसाला स्वतःची गाडी शुल्क आणि व्हॅट न भरता आणता येते. अटी मोजक्या आहेत. गाडी किमान सहा महिने तुमच्या मालकीची असावी, तुम्ही किमान बारा महिने बाहेर राहिलेले असावं आणि आणल्यावर बारा महिने ती विकू नये. गाडी पोचल्यावर १४ दिवसांत त्यांच्या कर खात्याला कळवायचं. या नोंदीला ‘नोव्हा’ म्हणतात. ती झाल्याशिवाय नोंदणी होत नाही, म्हणजे कर चुकवून कुणी पुढे सरकू शकत नाही. दहा वर्षांच्या आतली गाडी असेल तर एकेका गाडीची तांत्रिक मान्यता घ्यावी लागते. त्याहून जुनीला ती माफ. मग चॅसी नंबरावर रस्त्यायोग्यतेची एमओटी चाचणी, व्ही-५५/५ हा फॉर्म, ५५ पौंड शुल्क, वयाचा पुरावा आणि आपलं मूळ आरसी बुक, हे सगळं स्वान्सीच्या परवाना कार्यालयाकडे टपालानं. वेग मैलात दाखवणारी डायल बसवावी लागली. पाटी आली ती गाडीच्या वयाला साजेशी, २००५ ची.

एमओटी करणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते. गियर उजव्या पायात आहे हे बघून त्यांनी पोराला बाजूला केलं आणि गाडी स्वतः चालवायला घेतली. जुन्या इंग्रजी गाड्यांचा गियर तिकडेच असायचा. हे गॅरेज रेडिचपासून फार लांब नाही. रॉयल एनफिल्डचा मूळ कारखाना रेडिचचा. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली, पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला आणि आपला चालू राहिला. १९७७ पासून आपण त्यांनाच बुलेट विकतो आहोत. भारतीय कारखान्याच्या या गाडीबद्दल तिकडचं नोंदणी खातं इतकं निवांत होतं, आणि इकडे तिच्याच पायात तीन वर्षांचा खोडा घातलेला आहे.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिलं, ती तीन वर्षं. आयात धोरणाच्या ८७ व्या प्रकरणात वापरलेल्या वाहनांसाठी अटी दिल्या आहेत. वेगमापक किलोमीटरमध्ये असावा. ठीक, जुनी डायल मी जपून ठेवली आहे, पाच मिनिटांचं काम. दिव्याचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला योग्य असावा. इंग्लंडही डावीकडूनच चालतं. निर्यात करणाऱ्या देशातल्या संस्थेचा तपासणी दाखला असावा. देते. भारतात आल्यावर ठरलेल्या संस्थेकडून चाचणी व्हावी. आनंदानं, त्यातल्या दोन संस्था आमच्याच भागात आहेत, पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. या सगळ्या अटी गाडीच्या अवस्थेबद्दल आहेत आणि सगळ्या मला मान्य आहेत. पण त्यांच्या डोक्यावर एक अट बसली आहे, की वाहन बनल्याला तीन वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा. दुधाच्या पिशवीवर तारीख छापतात तसा हा प्रकार आहे, आत दूध कसं आहे ते बघायचंच नाही. परदेशी नोकरीला गेलेला माणूस तीन वर्षांच्या आत परत येतो कुठे? म्हणजे जाताना ज्यानं नवी कोरी गाडी नेली, तोसुद्धा या अटीत अडकतो.

दुसरं गाऱ्हाणं मला सर्वांत जास्त लागलेलं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. मला वाटलं होतं, ही अट परदेशी गाड्यांसाठी असेल. आपली गाडी आपल्याकडे येताना ती कशी लागेल? दोन वेगवेगळ्या क्लिअरिंग एजंटांना विचारलं. दोघांनीही सीमाशुल्क कायदा, १९६२ मधलं कलम २० दाखवलं. भारतातून बाहेर गेलेला माल पुन्हा भारतात आला, तर तशाच प्रकारच्या आणि किमतीच्या आयात मालाला जे शुल्क, ज्या अटी आणि जी बंधनं लागू आहेत, ती सगळी त्यालाही लागू. कायद्याच्या नजरेत माझी बुलेट न्हावाशेवाला उतरली की तिचा भूतकाळ पुसला जातो. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला बनली, चिंचवडला नोंदली, अकरा वर्षं इथल्या खड्ड्यांतून फिरली, यातलं काही मोजलं जात नाही. जपानमधून भंगाराच्या भावात उचलून आणलेली मोटारसायकल आणि माझी बुलेट यांच्यात फरकच नाही.

याच कायद्याला जोडून २०१७ ची ४५ क्रमांकाची अधिसूचना आहे. परत येणाऱ्या मालाला ती शुल्कात सवलत देते. मुदत निर्यातीपासून तीन वर्षं, आयुक्तांनी परवानगी दिली तर आणखी दोन. म्हणजे आपला माल परत येऊ शकतो, हे मंडळाला मान्य आहे. पण ही मुदत व्यापाऱ्याच्या नाकारलेल्या मालाचा विचार करून ठरवलेली दिसते. माणसाच्या नोकरीचा, मुलांच्या शाळेचा, आईवडिलांच्या दुखण्याचा हिशेब तीन अधिक दोनमध्ये बसत नाही.

तिसरं. परत येणाऱ्या माणसाला घरचं सामान आणता येतं. फ्रीज आणा, वॉशिंग मशीन आणा, त्यासाठी सवलतीही आहेत. पण सीमाशुल्क कायद्याच्या कलम २ मध्येच मोटार वाहन ‘बॅगेज’मधून, म्हणजे प्रवाशाच्या सामानातून, वगळलं आहे. इंग्लंडला जाताना माझी गाडी माझ्या संसाराचा भाग धरली गेली. घरी येताना मी आयातदार ठरते, आणि वीस वर्षांच्या एका गाडीसाठी माझ्याकडून आयातदाराचे कागद मागितले जातात.

चौथं, पाच वर्षांच्या सेवेची हमी. वापरलेलं वाहन आणणाऱ्यानं ते पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालेल आणि त्या काळात देशात त्याच्या दुरुस्तीची सोय असेल, अशी हमी द्यायची आहे. परदेशी कंपनीच्या गाडीसाठी हे मी समजू शकते. पण बुलेटसाठी? बारामतीपासून बार्शीपर्यंत कुठल्याही फाट्यावर उभं राहावं आणि मेकॅनिकला हाक मारावी. माझ्या गाडीची क्लच प्लेट इंग्लंडमध्ये गेली होती तेव्हा मी सुटे भाग पुण्याहून मागवले होते. यापुढे काही लिहायची गरज आहे असं वाटत नाही.

पाचवं. माझ्या आतेभावानं त्याच वर्षी, त्याच शोरूममधून, तेच मॉडेल घेतलं. त्याची गाडी चिंचवडलाच राहिली. पंधरा वर्षं झाल्यावर तिची तपासणी झाली, पाच वर्षांसाठी नोंदणी वाढली आणि आता पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा वाढली आहे. पर्यावरण कर भरला, नवी सुरक्षा पाटी बसवली. कायद्यानं ती अगदी व्यवस्थित आहे. मध्ये बरीच वर्षं ती आंब्याच्या झाडाखाली ताडपत्री पांघरून उभी होती आणि तिच्या सीटमध्ये मांजरीनं पिल्लं घातली होती, ही गोष्ट कुणी विचारली नाही आणि विचारायचं कारणही नाही. माझ्या गाडीची दर वर्षी चाचणी झाली आहे. प्रत्येक चाचणीत किती मैल झाले, टायर किती उरला, कुठला बुश ढिला आहे, हे ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पाटीचा नंबर टाकून तुमच्या कार्यालयातला कुणीही आत्ता फुकट पाहू शकतो. दोन जुळ्या गाड्यांपैकी जिचा लेखी इतिहास आहे ती अपात्र आणि जिचा नाही ती पात्र.

धुराचंही तेच. १ एप्रिल २०२० पासून नवी नोंदणी बीएस-६ मानकाच्या वाहनांचीच, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१८ च्या आदेशानं ठरलं आणि ते योग्यच झालं. पण आतेभावाची गाडी आणि माझी गाडी एकाच धुराड्याची आहे. त्याची नोंदणी वाढते तेव्हा ती बनली त्या काळचं मानक लावलं जातं. माझी नोंदणी मात्र ‘नवी’ धरणार. फीचंही बघा. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं वीस वर्षांवरच्या मोटारसायकलच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २,००० रुपये झाली, तर आयात केलेल्या दुचाकीची २०,०००. उद्या काही करून माझी बुलेट आत आलीच, तरी मद्रासची ही पोरगी आयात दुचाकी म्हणून दहापट फी भरत राहणार का?

सहावं थोडक्यात. इतरांसाठी दारं आहेत, ती असावीतच. परदेशी नोंदणीच्या खासगी गाड्यांनी भारतात येऊन कसं फिरावं, याचे नियम मंत्रालयानं २०२२ साली केले. उद्या एखादा इंग्रज कार्ने, म्हणजे गाडी तात्पुरती आत आणायचा सीमाशुल्काचा कागद, घेऊन माझ्याच मॉडेलच्या बुलेटवर लंडनहून पुण्याला आला, तर तो रीतसर फिरेल आणि मुदत संपली की परत जाईल. २०२१ साली विंटेज वाहनांचे नियम आले. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची वेगळी पाटी मिळते. म्हणजे माझ्या गाडीला २०५५ मध्ये संधी आहे. तेव्हा मी पंचाहत्तरीच्या घरात असेन आणि विंटेज पाटीवर रोजचा वापर चालत नाही, म्हणून प्रदर्शनापुरती ढकलत नेईन.

आणि सातवं, जे बोलायला अवघड आहे. या बंद दारामुळे थांबतं कोण? दोन एजंटांपैकी एकानं मला सहज सुचवलं, “गाडी खोला, इंजिन वेगळं, फ्रेम वेगळी, सुटे भाग म्हणून तीन खेपेत आणू. पाटीचं नंतर बघू.” दुसऱ्याचं म्हणणं होतं की सरळ आणा, जप्ती होईल, दंड भरून सोडवू, पण नोंदणीची खात्री देत नाही. दोघंही आपल्या धंद्याचं ज्ञान सांगत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागानं ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवलं. भूतानमार्गे आलेल्या आणि खोट्या कागदांवर भारतात नोंदवल्या गेल्याचा संशय असलेल्या गाड्यांसाठी धाडी पडल्या, हे आपण जाणताच. ज्याला खोटं बोलायचं आहे तो वाट शोधतो. खरे कागद घेऊन खिडकीवर उभं राहणाऱ्याला मात्र ‘नाही’ हेच उत्तर मिळतं.

तीन वर्षांची अट कशासाठी आली, हे मला कळतं. मी याच उद्योगात काम करते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात आहे की २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून सुमारे १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या बाहेर गेल्या आणि त्यातल्या बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जाऊन पडल्या. श्रीमंतांच्या गाड्यांचं भंगार आपल्या दारात नको, आपल्या कारखान्यांचं नुकसान नको, ही भूमिका बरोबर आहे. अट काढून टाका, असं मी म्हणत नाही. व्यापार थांबवायला केलेली अट परतणाऱ्या कुटुंबाच्या एकुलत्या गाडीवर आणि तीही भारतात बनलेल्या गाडीवर लावू नका, असं म्हणते. एक माणूस, एक गाडी, आयुष्यात एकदा. एवढ्यानं कुठल्या कारखान्याचं काय बिघडणार आहे?

माझ्या मागण्या अशा आहेत.

विदेश व्यापार महासंचालनालयानं वापरलेल्या वाहनांच्या अटींत एक अपवाद घालावा. वाहन भारतात तयार झालेलं असावं, निर्यातीपूर्वी भारतात नोंदलेलं असावं, तेव्हाचा आणि आताचा मालक एकच असावा, चॅसी आणि इंजिन क्रमांक जुळत असावेत आणि मालक किमान दोन वर्षं परदेशात राहून कायमचा परतत असावा. या पाचही गोष्टी पूर्ण असतील, तर तीन वर्षांची अट आणि सेवेच्या हमीची अट लागू नये. आणल्यावर काही वर्षं विकायला बंदी घाला, हवं तर पाच वर्षं. मी लिहून देते. यासाठी संसदेत जायची गरज नाही. परकीय व्यापार कायद्याखाली अशा अटी अधिसूचनेनं बदलता येतात आणि तुम्ही त्या वरचेवर बदलताही.

सीमाशुल्क मंडळानं २०१७ च्या त्या अधिसूचनेत, मालकानं स्वतः नेलेल्या आणि स्वतः परत आणलेल्या एका वैयक्तिक वाहनापुरती, मुदत परदेशातल्या वास्तव्याइतकी करावी. ते जमत नसेल, तर निदान शुल्क गाडीच्या घसरलेल्या किमतीवर लावावं. बोटीचं भाडंही किमतीत धरून त्यावर शुल्क लावलं, तर वीस वर्षांच्या गाडीच्या बाबतीत भाडंच गाडीपेक्षा जड होतं.

रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे तीन मागण्या आहेत. फॉर्म २८ मध्ये, किंवा त्याच्या जोडीला वेगळा, ‘कायमचे परदेशी’ असा पर्याय असावा आणि गाडीची जुनी नोंद पुसून न टाकता राखून ठेवावी. इंग्लंडच्या नोंदणीपत्रात कायमच्या निर्यातीसाठी एक वेगळा भाग असतो. तो फाडून पाठवायचा आणि बाकीचा कागद पुढच्या देशात दाखवायला सोबत ठेवायचा. आपल्याला याहून मोठं काही करायचं नाही. दुसरी मागणी अशी, की परत आलेल्या अशा गाडीची नवी नोंदणी न करता जुनी नोंदणी पुन्हा चालू करावी, त्याच क्रमांकावर, आणि तिला देशी दुचाकीचीच फी लागावी. तिसरी, चाचणी ती बनली त्या वर्षाच्या मानकावर घ्यावी, आतेभावाच्या गाडीची घेतात तशीच. कितीही कडक घ्या. ब्रेक, चॅसी, दिवे, धूर, आवाज, सगळं तपासा. नापास झाली तर मी स्वतः तिला भंगार केंद्रावर नेऊन देईन आणि प्रमाणपत्र घेईन.

एक बाब माझ्या सोयीची असली तरी बोलायला हवी. वापरलेलं वाहन फक्त मुंबईच्या बंदरातूनच आणता येतं. मला घर जवळ पडतं. पण कोचीच्या किंवा चेन्नईच्या माणसानं मुंबईत गाडी उतरवून घ्यायची, चाचणीसाठी पुणे-नगर गाठायचं आणि मग ती ट्रकवर चढवून दोन राज्यं ओलांडायची, हे कशासाठी? निदान परतणाऱ्यांसाठी मोठी बंदरं खुली करावीत.

माझ्या हातात वेळ फार नाही. माझी इंग्लंडमधली नोकरी या मार्चअखेर संपते आणि चाकणला नवी सुरू होते आहे. घरसामानाचा कंटेनर फेब्रुवारीत निघेल आणि बुलेटसाठी त्यात जागा धरून ठेवली आहे. पॅकिंगवाला आकारमान विचारतो आहे. पुढचं चाक काढून की चाकासकट, हे मला त्याला जानेवारीपर्यंत सांगायचं आहे.

तोपर्यंत लेखी उत्तर मिळावं ही विनंती. उत्तर ‘हो’ असेल तर त्यासोबत कागदपत्रांची यादी द्या. ‘नाही’ असेल तर कोणत्या अटीखाली नाही, आणि त्या अटीतून सवलत मागायची असेल तर अर्ज तिघांपैकी कुणाकडे करायचा, तेवढं स्पष्ट लिहा. उत्तर मला एकटीला पाठवू नका, आपल्या संकेतस्थळांवरही लावा. या पत्राची प्रत मी पुणे जिल्ह्यातल्या सर्व खासदारांना आणि राज्याच्या परिवहन आयुक्तांना पाठवते आहे. गाडीचे दोन्ही देशांतले कागद, कर भरल्याच्या पावत्या आणि सर्व चाचण्यांचे अहवाल यांच्या प्रती तिन्ही कार्यालयांच्या टपालात जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
मूळची चिंचवडची, सध्या कॉव्हेंट्रीला राहणारी एक मोटारसायकलस्वार